डॉट एमई: स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ आणि एका तरुण देशाचे डोमेन

डॉट एमई (.me) या डोमेन एक्स्टेन्शनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या भागावर, मी गेली काही वर्षे इतरांसाठी संकेतस्थळे उभारत आहे. ही मंडळी मुख्यतः छायाचित्रकार, अनुवादक, संशोधक, वास्तुरचनाकार, म्हणजे स्वतःच्या नावावर काम करणारी आहेत, आणि त्यांच्यासाठी केलेल्या कामाच्या आधारेच हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो. एका व्यक्तीच्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळासाठी डॉट एमई ही आज मिळू शकणाऱ्या उत्तम निवडींपैकी एक आहे. संस्थेसाठी किंवा दुकानासाठी मात्र मी ती सुचवत नाही. या मतामागे इंग्रजीत 'मी, मला' असा अर्थ होणाऱ्या त्या दोन अक्षरांच्या देखणेपणापेक्षा त्यांच्या पाठीशी असलेल्या नियमांचा वाटा मोठा आहे, आणि डोमेन घेताना बहुतेक जणांकडून नेमके तेच नियम पाहायचे राहून जातात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

डॉट एमई हे मॉन्टेनेग्रो या देशाचे डोमेन आहे. २१ मे २००६ रोजी झालेल्या सार्वमतानंतर ३ जून २००६ रोजी हा देश सर्बियापासून स्वतंत्र झाला. देशांना दोन अक्षरी सांकेतिक खुणा देणाऱ्या आयएसओ ३१६६ या प्रमाणकात त्याला एमई ही खूण त्याच वर्षी मिळाली, आणि इंटरनेटवरील देशनिहाय डोमेन याच प्रमाणकावर आधारलेली असल्यामुळे सप्टेंबर २००७ मध्ये डॉट एमई अस्तित्वात आले. त्याआधी मॉन्टेनेग्रोतील संकेतस्थळे युगोस्लाव्हियाच्या डॉट वाययू खाली चालत असत. मे २००८ मध्ये प्रथम ट्रेडमार्कधारकांना आणि १७ जुलै २००८ पासून जगातील कोणालाही डॉट एमई नावे नोंदवता येऊ लागली. डॉट कॉम किंवा डॉट यूके यांची मुळे १९८५ पर्यंत जातात हे लक्षात घेतले, तर हे डोमेन खरोखरच तरुण म्हटले पाहिजे.

देशनिहाय डोमेन घेणे म्हणजे एका सार्वभौम देशाच्या नियमांखाली आपले नाव ठेवणे होय. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारखी सर्वसाधारण डोमेन, जगभरातील डोमेन नावांचा समन्वय करणाऱ्या आयकॅन या संस्थेशी झालेल्या करारांनी बांधलेली असतात. देशनिहाय डोमेनच्या बाबतीत मात्र कोणाला नाव द्यायचे, कोणते नाव काढून घ्यायचे आणि तक्रार कोणाकडे करायची, हे बहुतांशी त्या त्या देशातील रजिस्ट्री, म्हणजे त्या डोमेनची नोंद सांभाळणारी संस्था ठरवते. हा भेद कागदावर किरकोळ वाटतो. परंतु २०१० मध्ये लिबियाच्या डॉट एलवाय वरील एक लघुदुव्यांची सेवा तिच्यावरील मजकूर त्या देशाच्या धार्मिक कायद्याशी विसंगत असल्याच्या कारणावरून बंद झाली, आणि २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफ वर चालणाऱ्या एका समाजमाध्यम सर्व्हरचे डोमेन तेथील तालिबान प्रशासनाने गोठवले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर तेथे राहणाऱ्या, पण संघातील कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या लोकांचा डॉट ईयू नावांवरील हक्कच संपुष्टात आला. या तिन्ही प्रसंगांत संकेतस्थळ बांधणाऱ्याने तांत्रिकदृष्ट्या सर्व काही नीट केलेले असले, तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

याहून दूरची, पण तितकीच खरी जोखीम म्हणजे देशाची खूणच नाहीशी होणे. डॉट वाययू ३० मार्च २०१० रोजी कायमचे बंद झाले, कारण युगोस्लाव्हिया हा देशच उरला नव्हता. डॉट आयओ हे संगणक क्षेत्रातील कंपन्यांचे लाडके डोमेन ज्या ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेशाचे आहे, त्याचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या, आणि या हस्तांतरणामुळे त्या डोमेनच्या भवितव्याची चर्चा गांभीर्याने होते आहे. मॉन्टेनेग्रोची स्थिती मला या बाबतीत अधिक भक्कम वाटते. तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य असलेला स्वतंत्र देश आहे, आणि उद्या तो युरोपीय संघात सामील झाला तरी फ्रान्स किंवा जर्मनीची खूण जशी टिकून आहे तशीच त्याचीही टिकेल.

आता खुद्द डॉट एमईच्या नियमांकडे वळतो, कारण माझ्या पसंतीचे मूळ तिथेच आहे. नाव घेणाऱ्याने मॉन्टेनेग्रोत राहण्याची, तेथे कार्यालय उघडण्याची किंवा तेथील प्रतिनिधी नेमण्याची अट नाही. एक ते दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते. ट्रेडमार्कच्या वादांसाठी डॉट कॉमला लागू असलेली आंतरराष्ट्रीय लवादाची पद्धतच येथे स्वीकारलेली आहे, त्यामुळे वाद उद्भवलाच तर परक्या देशातील न्यायालयात धाव घेण्याची वेळ सहसा येत नाही. सरकार, शिक्षणसंस्था आणि स्थानिक वापर यांसाठी काही दुय्यम डोमेन वेगळी राखून ठेवलेली आहेत, आणि मुख्य स्तर जगासाठी खुला आहे. हे व्यवस्थापन मॉन्टेनेग्रोची राजधानी पॉडगोरिका येथील कंपनीकडे असून सुरुवातीपासून तिच्यात अनुभवी आंतरराष्ट्रीय भागीदार आहेत. नियम असे स्पष्ट आणि सुरुवातीपासून जवळजवळ स्थिर असणे हा गुण जाहिरातीत कधी दिसत नाही, पण पुढची दहा वर्षे त्याच पत्त्यावर राहू इच्छिणाऱ्या माणसासाठी तोच सर्वात मोलाचा आहे.

मोठ्या सेवांनी या डोमेनवर दाखवलेला विश्वासही दुर्लक्षिण्याजोगा नाही. टेलिग्रामचे टी डॉट एमई, व्हॉट्सॲपचे डब्ल्यूए डॉट एमई, फेसबुक मेसेंजरचे एम डॉट एमई, वर्डप्रेसचे डब्ल्यूपी डॉट एमई आणि पेपाल डॉट एमई हे दुवे जगभरातील लोक रोज उघडतात. याचा लाभ लहान संकेतस्थळांनाही अप्रत्यक्षपणे मिळतो, कारण हे एक्स्टेन्शन वाचकाच्या नजरेला परके वाटत नाही आणि दुवा उघडताना त्याचा हात अडखळत नाही. याच्या उलट टोकाला प्रशांत महासागरातील टोकेलाऊ या बेटांचे डॉट टीके आहे. ते वर्षानुवर्षे फुकट वाटले गेले, फसवणूक करणाऱ्यांनी त्याचा यथेच्छ वापर केला, आणि त्यावरील प्रामाणिक संकेतस्थळांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

देशनिहाय डोमेनवरील संकेतस्थळ शोधात फक्त त्याच देशातील लोकांना दिसेल, अशी शंका मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. शंका रास्त आहे, कारण गूगल सर्वसाधारणपणे देशनिहाय डोमेन त्या देशाशी जोडतेच. मात्र डॉट एमई, डॉट सीओ, डॉट आयओ, डॉट टीव्ही आणि अलीकडे डॉट एआय अशा काही डोमेनना गूगल सर्वसाधारण डोमेनसारखेच वागवते, असे त्याने स्वतः जाहीर केले आहे. नवे देशनिहाय डोमेन निवडताना ते या यादीत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्यक्ष बांधणीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि ते चांगलेच आहे. नेमसर्व्हर जोडणे, सुरक्षा प्रमाणपत्र घेणे, ईमेलसाठी लागणाऱ्या नोंदी करणे, डोमेनच्या नोंदी बनावट नाहीत याची खात्री देणारी डीएनएससेक ही व्यवस्था सुरू करणे ही सारी कामे डॉट कॉमवर जशी होतात तशीच येथे होतात. डॉट डेव्ह किंवा डॉट ॲप यांच्यावर ब्राउझर सुरक्षित जोडणीची सक्ती करतात, तशी सक्ती येथे नाही. ती आपण स्वतः लावून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

अडचण जाणवते ती नाव तोंडी सांगताना. दूरध्वनीवर पत्ता सांगितला की ऐकणारा शेवटी डॉट कॉम जोडतो, आणि मग आणखी एक घोटाळा होतो, कारण एमई डॉट कॉम हे ॲपलचे जुने ईमेल डोमेन आहे आणि अनेकांचे पत्ते आजही त्याच्यावर आहेत. योगायोग असा की ॲपलने ती सेवा २००८ च्या जुलैमध्येच, म्हणजे डॉट एमई सर्वांसाठी खुले झाले त्याच महिन्यात सुरू केली. कामाचा ईमेल डॉट एमईवर ठेवणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की पत्ता शक्यतो लिहून द्यावा, आणि आपल्या नावाचे डॉट कॉम मोकळे असेल तर तेही घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवावे.

नावांची उपलब्धता हा या डोमेनचा मोठा दिलासा आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. नाव आणि आडनाव मिळून होणारी नावे डॉट कॉमवर बहुधा आधीच गेलेली असतात. ती येथे पुष्कळदा सहज मिळतात. मात्र इंग्रजी क्रियापदाला एमई जोडून अर्थपूर्ण होणारी आणि सर्वसामान्य शब्दांची नावे रजिस्ट्रीने सुरुवातीपासूनच वेगळी काढून लिलावाने किंवा चढ्या दराने विकली आहेत. अशा नावाच्या मोहात पडून मोठी रक्कम घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही, विशेषतः ज्याचा व्यवसाय अजून उभा राहायचा आहे त्याच्यासाठी.

दराबाबत एकच गोष्ट नीट पाहावी. पहिल्या वर्षाची सवलत आणि पुढच्या वर्षांचा नूतनीकरणाचा दर यांत बरेच अंतर असू शकते, आणि विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत पहिलाच आकडा असतो. एका रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नावे विकणाऱ्या कंपनीकडे, माझ्या एका ग्राहकाला दुसऱ्या वर्षीचे देयक आल्यावरच हे अंतर कळले. ते आधी कळले असते, तर त्याने आपले नाव दुसरीकडे नोंदवले असते. नूतनीकरणाचा दर, डोमेन दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेत (कोड) मागितल्याबरोबर मिळतो की नाही, आणि मुदत उलटल्यावर नाव परत मिळवण्याचे शुल्क किती, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

संस्था, शाळा, दवाखाना किंवा दुकान यांना मी डॉट एमई का सुचवत नाही, हेही स्पष्ट करायला हवे. या डोमेनचा वापर इतका वैयक्तिक झाला आहे की संस्थेच्या नावापुढे ते आले की वाचकाला ते तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याचे खाजगी पान वाटते. शिवाय संस्थेचा पत्ता पाट्यांवर, पावत्यांवर आणि शासकीय कागदपत्रांत छापला जातो, तो बदलणे अतिशय खर्चिक असते, आणि त्यामुळे तिने आपल्या स्वतःच्या देशाच्या किंवा सर्वसाधारण डोमेनच्या नियमांखाली राहणे अधिक सुरक्षित ठरते. ज्या माणसाचे नाव हेच त्याचे काम आहे, त्याने मात्र डॉट एमईवर आपले नाव मोकळे असेल तर ते शक्य तितक्या लांब मुदतीसाठी आणि स्वतःच्याच खात्यात नोंदवून घ्यावे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या, म्हणजे माझ्यासारख्याच्या खात्यात ते कधीही ठेवू नये.