काळ्या मातीवर घर: मुरूम गाठायचा की पाइल घ्यायचे?

जळगाव, धुळे, शहादा, कुठल्याही गावाबाहेरचा एनए प्लॉट घ्या, काल-परवापर्यंत तिथे कपाशी नाहीतर केळी उभी होती. जुनी गावठाणं पांढरीवर वसली, काळी पिकाला ठेवली. आता घरं काळीवरच चाललीत. ही माती पावसात फुगते आणि मे महिन्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तीन-चार मजल्यांच्या वजनाखाली तिचं फार चालत नाही. तळमजल्याचं हलकं घर मात्र ती उचलते आणि पुन्हा सोडते, तेही चारही कोपऱ्यांत सारखं नाही. तिरप्या भेगा, पावसाळ्यात अडकणारं दार, मधोमध वर आलेली फरशी हे सगळं त्यातूनच.

शेजाऱ्याने काय केलं यावर पाया ठरवू नका. प्लॉटवर जेसीबीने एक खड्डा घ्या आणि काळीखालचा टणक मुरूम किती खोल लागतो ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

साक्री, धुळे, पारोळ्याकडे बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम लागतो. तसं असेल तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचारसुद्धा करू नका. काळी पूर्ण पार करून फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) थेट मुरमावर बसवा आणि वाचलेला पैसा प्लिंथ बीममध्ये, म्हणजे जोत्याच्या पातळीवर घरभर फिरणाऱ्या काँक्रीटच्या बीममध्ये, घाला. अडचण अर्धवट कामात आहे. तीन फूट खणायचं, वाळू किंवा सैल मुरूम ओतायचा आणि त्यावर फुटिंग ठेवायचं, हा प्रकार सर्रास चालतो. मग तो खड्डा हौदासारखा आजूबाजूचं पाणी ओढतो आणि खालची काळी अजूनच भिजते. भरावच करायचा तर चिकट पण न फुगणारा मुरूम हवा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी आणि रोलर. अशा दाबलेल्या साधारण एक मीटर थराने खालच्या मातीची फुगवण आवरते, हे आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी दाखवलं. वाळूने ते होत नाही.

तापीकाठचं गणित वेगळं. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर पट्ट्यात गाळाची जमीन इतकी खोल की मुरमाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथे अंडर-रीम्ड पाइल. किमान साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी ते रुंद करून भोकाच्या अडीचपट व्यासाचा फुगा. एवढ्या खोलीवर ओलावा फारसा बदलत नाही, आणि वरची माती खांबाला ओढू लागली तरी फुगा त्याला धरून ठेवतो. पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेची (सीबीआरआय), नियम आयएस 2911 या भारतीय मानकाच्या भाग 3 मध्ये. मात्र फुगा नीट कापणारा मिस्तरी मिळाला तरच हे करा. फुगा नसेल तर तो नुसता खांब. दुसरी गोष्ट, पाइलवरच्या बीमखाली सुमारे 80 मिमी मोकळी जागा सोडायची असते. ती विटा-काँक्रीटने बुजवली की फुगणारी माती थेट बीमलाच ढकलते. काम चालू असताना स्वतः वाकून बघा.

खर्चाचं म्हणाल तर खोली वाढली की मुरमाचा खर्च भराभर चढतो, कारण खोदाई, माती वाहून नेणं आणि दाबणं तिन्ही वाढतात. पाइलचा तेवढा चढत नाही. सहा फुटांपर्यंत मी मुरूमच गाठेन, दहाच्या पुढे पाइल. मधल्या पट्ट्यात माती प्रयोगशाळेत द्या. फुगवणीची चाचणी साधी आहे: दहा-दहा ग्रॅम माती, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, 24 तासांनी पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीपेक्षा किती टक्के जास्त फुगली ते मोजायचं. 50 टक्क्यांच्या आत आली तर काळजी कमी. 100 च्या वर गेली तर पायात काटकसर नको.

पाया कुठलाही घ्या, पाणी भिंतीपासून लांब ठेवावंच लागतं. घराभोवती दीड-दोन मीटरचा पक्का, बाहेर उतार असलेला पट्टा करा. गच्चीचे पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडू नका. शोषखड्डा लांब घ्या. भिंतीला लागून ठिबकवर फुलझाडं नकोत, आणि कडुनिंब त्याच्या उंचीइतका तरी दूर हवा; उन्हाळ्यात त्याची मुळं पायाखालचा ओलावा ओढून घेतात.

घर आधीच बांधलेलं असेल तर पाया खोदायला घेण्याआधी पाण्याचं हे एवढंच करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून पावसाळा आणि पुढचा उन्हाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर भेग अजून हलतेय. प्लास्टर-रंगाचं काम तोवर कुणाला देऊ नका.