काळ्या पॉलिशआडचं कपाट

लिलावात हातोडा पडला तेव्हा या कपाटावरची बोली होती 2,400 पौंड. त्यावर लिलावगृहाचं 25 टक्के कमिशन म्हणजे 600, आणि त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट म्हणजे 120. एकूण 3,120 पौंड, गाडीभाडं वेगळं. घेणारं कुटुंब मूळचं पुण्याचं, आता इंग्लंडमध्ये राहणारं. बोली ऑनलाइन लावली, चार फोटो बघून. चारही फोटो समोरून काढलेले. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं: एस्थेटिक मूव्हमेंटचं काळं साइड कॅबिनेट, ई. डब्ल्यू. गॉडविनच्या धर्तीवर, मिंटनच्या टाइल्ससह, साधारण 1875. एस्थेटिक मूव्हमेंट म्हणजे त्या काळातली, सौंदर्यालाच सर्वांत वर मानणारी इंग्लंडमधली कलाचळवळ, गॉडविन तिच्यातला नावाजलेला डिझायनर आणि मिंटन हा टाइल्सचा जुना इंग्लिश कारखाना.

दार नीट लागत नाही म्हणून बिजागरी सोडवली आणि सगळं उघड झालं. खालचा सांगाडा 1900 नंतरच्या साध्या पाइनच्या कपाटाचा. वरची कातलेल्या बारीक दांड्यांची जाळी दुसऱ्याच फर्निचरची. टाइल्स आजकालच्या. आणि या सगळ्यावर एकच काळा रंग. जुन्या फर्निचरच्या धंद्यात अशा जोडकामाला 'मॅरेज' म्हणतात. हे लग्न जुळवणाऱ्याने मात्र वयही खोटं सांगितलं होतं.

ही शैली फसवणुकीला सोपी का, हे आधी समजून घ्या. 1862 च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू पहिल्यांदा मोठ्या संख्येने मांडल्या गेल्या आणि इंग्लंडच्या काही डिझायनरांची नजरच बदलली. जड, नक्षीने भरलेलं व्हिक्टोरियन फर्निचर बाजूला सारून गॉडविनने 1867 च्या सुमारास उभ्या-आडव्या सडपातळ पट्ट्यांचा, जवळजवळ नक्षीच नसलेला काळा साइडबोर्ड आखला. लाकूड मॅहोगनी, पण आबनुसासारखं काळं केलेलं. मुठी चांदीचा मुलामा दिलेल्या. त्याचा एक नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. या फर्निचरचं सगळं सौंदर्य प्रमाणात आणि मोकळ्या जागेत आहे. ते डोळ्यात भरलं की सुटत नाही, म्हणून तर लोक त्यासाठी पैसे मोजतात. पण काळा रंग लाकडाची जात, शिरा, जोड, बुजवलेली भोकं असं सगळंच झाकतो. सागवानी किंवा शिसवी कपाटात असं जोडकाम पहिल्या नजरेत पकडलं जातं, काळ्यात नाही.

चांगल्या कामात काळं करायची रीत अशी: लॉगवुड या रंग सोडणाऱ्या लाकडाचा काढा फर्निचरच्या लाकडात मुरवायचा, त्यावर लोखंड भिजवलेलं व्हिनेगर फिरवायचं. दोन्ही मिळून निळसर काळा रंग लाकडातच तयार होतो. मग काळी पूड घातलेलं लाखेचं पॉलिश, थरावर थर. रंग आत मुरलेला असल्यामुळे झिजलेल्या कडेला काळ्यातून तपकिरीकडे हळूहळू उतरणारी छटा दिसते. या कपाटाच्या कडेवरून पापुद्रा निघाला, आणि खाली एकदम गोरं पाइन. शिवाय स्प्रेचा काळा तुषार खणाच्या आतल्या बाजूवर, खण सरकतो त्या पट्टीवर आणि स्क्रूच्या खाचेतसुद्धा बसलेला. जुन्या कारागिराने खणाच्या पट्टीला कधी काळं लावलं नसतं.

झीजही बघा. खरी झीज हात लागतो तिथेच होते: किल्लीभोवती, मुठीखाली, पायाच्या तळाशी. इथे सगळ्या कडा सारख्याच घासलेल्या होत्या आणि भिंगातून शिरांना आडवे सॅंडपेपरचे ओरखडे दिसत होते.

कापसाच्या काडीवर मिथिलेटेड स्पिरिट घेऊन मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट टेकवा. लाख असेल तर पृष्ठभाग चिकट होतो आणि कापूस काळा होतो. काहीच झालं नाही तर वर आधुनिक रंग आहे. मात्र यातून एवढंच कळतं. अस्सल कपाटावरही कुणीतरी नंतर रंग मारलेला असू शकतो, आणि हुशार भामटा लाखही लावतो.

खरं सांगतो तो खण. तो पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. या कपाटाच्या खणाचे पुढचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, जोड हाताने कापलेले, सुबक होते, आणि फोटोत नेमके तेवढेच दाखवले होते. मागचे जोड मात्र अर्ध्यातून कापलेले, म्हणजे मोठा खण कापून लहान केलेला. तळ प्लायवुडचा. आतली पट्टी वर्षानुवर्षांच्या घर्षणाने जवळपास 3 मिलिमीटर खाली गेलेली, पण तिच्यावरून सरकणाऱ्या खणाची खालची कड कोरी. दोघं एकत्र जगलेच नव्हते. दर्शनी फळीच्या आत, मुठीपासून दोन बोटांवर, आधीच्या लाकडी गोल मुठीचं भोक लांबी (पुटी) भरून बुजवलेलं. बाहेरून ते काळ्याखाली गडप, आतून स्पष्ट.

मागची फळी सगळीकडे एकसारखी तपकिरी होती. हवेत उघडं राहिलेलं लाकूड काळवंडतं, पट्टीखाली झाकलेलं फिकट राहतं. इथे पट्टी काढली तरी खाली तोच तपकिरी, म्हणजे रंग पाजलेला. बिजागरीचे तीन स्क्रू सरळ खाचेचे, जुने. आत लपलेला चौथा फुलीच्या खाचेचा. तसे स्क्रू 1930 च्या दशकात आले.

टाइल्सबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा सापळा मुंबईतही आहे. व्हिक्टोरियन टाइल बहुतेक 6 किंवा 8 इंचांची चौरस असते, साधारण 10 ते 13 मिलिमीटर जाड आणि हातात वजनदार. पाठीवर साच्यात उठवलेलं नाव किंवा खाचा असतात. या कपाटातल्या टाइल्स 6 मिलिमीटरच्या, ताज्या सिलिकॉनने चिकटवलेल्या. चित्राच्या रेषा भिंगाखाली रंगीत ठिपक्यांत फुटत होत्या. जुन्या ट्रान्सफर छपाईची, म्हणजे कागदावरून टाइलवर उतरवलेल्या चित्राची, रेष सलग दिसते. पाठीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखी उभी हिऱ्याच्या आकाराची नोंदणीखूण असेल तर ती 1842 ते 1883 मधली. वरच्या वर्तुळात रोमन चार असेल तर वर्ग चिनी मातीच्या वस्तूंचा. नावाखाली 'इंग्लंड' असेल तर बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून देशाचं नाव लागू लागलं.

मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जमिनीवर खऱ्या मिंटन टाइल्स आहेत; खरेदीआधी त्या एकदा डोळ्याखालून घाला. जुन्या बाजारात मिंटनच्या म्हणून उठावाच्या, चकचकीत रंगांच्या ज्या टाइल्स पुढे केल्या जातात, त्यांतल्या कित्येक दोन महायुद्धांमधल्या काळात जपानहून आलेल्या असतात. त्याही सुंदर आहेत, त्यांनाही मोल आहे, पण व्हिक्टोरियन नव्हेत. पाठ घासून अक्षरं पुसलेली दिसली तर ती टाइल परत ठेवा.

पैसे परत मागितल्यावर लिलावगृहाने शब्दांवर बोट ठेवलं: 'गॉडविनच्या धर्तीवर' असंच लिहिलं होतं. कॅटलॉगमध्ये नुसतं डिझायनरचं नाव, 'ॲट्रिब्युटेड टू' (बहुधा त्याचंच), 'मॅनर ऑफ' (त्याच्या धर्तीवर) आणि 'आफ्टर' (त्याच्या कामाची नक्कल) यांत पायरीपायरीने जबाबदारी कमी होत जाते. अर्थ अटींच्या पानावर छापलेले असतात. ऑनलाइन दुकानातून घेतलं असतं तर ब्रिटनमध्ये 14 दिवसांत परत करता आलं असतं. जिथे प्रत्यक्ष हजर राहता येतं अशा जाहीर लिलावाला ती सवलत नाही. गॉडविनच्या नावावर भांडून उपयोग झाला नाही. 'साधारण 1875' आणि 'मिंटन' ही दोन विधानं मात्र सरळ होती, त्यांना 'धर्तीवर'ची पळवाट नव्हती. प्लायवुडचा तळ, फुलीचा स्क्रू आणि टाइलची जाडी मोजपट्टी लावून काढलेले फोटो पाठवल्यावर, सात आठवड्यांनी, 3,120 पौंड परत मिळाले. गाडीभाडं गेलं ते गेलंच.

बोलीआधी फोटो मागायचे ते हे: पूर्ण पाठ, तळ, बाहेर काढून उलटा केलेला खण, खणाचा मागचा जोड, उघड्या दाराची बिजागरी, टाइलची कड आणि जमलं तर पाठ. या लिलावगृहाकडे खणाचा फोटो बोलीच्या आदल्या दिवशी मागितला होता. उत्तर आलं होतं, वेळ नाही.