शिस्तभंगाच्या निर्णयाविरुद्ध: ओआयए की न्यायालय?

इंग्लंड किंवा वेल्समधील विद्यापीठाने परीक्षेतील गैरप्रकार किंवा वाङ्मयचौर्याचा ठपका ठेवून काढून टाकले आणि अंतर्गत अपीलही फेटाळले गेले, तर महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग ओआयए (ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर) या, विद्यापीठांविरुद्धच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा. अंतर्गत प्रक्रिया संपल्याचे विद्यापीठाचे 'कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स' पत्र ज्या तारखेचे असेल, त्यापासून 12 महिन्यांत तेथे तक्रार करता येते, शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. मात्र ही संस्था स्वतः नव्याने दोषनिश्चिती करत नाही, तर विद्यापीठाने आपलेच नियम पाळले का, आरोप वेळेवर कळवला का, बाजू मांडण्याची रास्त संधी दिली का आणि एकंदरीत निर्णय वाजवी होता का, हे तपासते. तिच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नसल्या, तरी विद्यापीठांनी त्या पाळाव्यात अशी अपेक्षा असते.

दुसरा मार्ग न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे विद्यापीठाचा निर्णय कायदेशीर होता का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा. त्यातील आदेश बंधनकारक असतो, पण त्यासाठी तत्काळ, फार तर 3 महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि हरल्यास सामान्यतः विद्यापीठाचाही खर्च अंगावर येतो. शिवाय उपलब्ध पर्यायी मार्ग आधी का वापरला नाही, हे न्यायालय विचारतेच. म्हणून, माझ्या मते, बहुतेकांनी आधी ओआयएकडेच जावे. व्हिसाची मुदत मात्र दोन्हींकडे थांबत नाही.