मर्लिन: पडवीत बसून पाखरं ओळखताना

दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत गेला, त्याला आता चार वर्षं होतील. कडेचं दिसतं, पण नेमकं जिथे बघावं तिथेच धुरकट डाग येतो. देवरुखच्या आसपासचे सडे आणि देवरहाट्या मी पंचवीस वर्षं तुडवल्या. शाळेला सुट्टी लागली की दुर्बीण गळ्यात. ती दुर्बीण नातवाला देऊन टाकली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात लेकीने माझ्या फोनमध्ये ‘मर्लिन’ हे पाखरं ओळखायचं अ‍ॅप घालून दिलं. वर्षभर रोज वापरलं, मगच लिहायला बसले आहे.

अ‍ॅप फुकट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाची पक्ष्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, तिने ते तयार केलंय. २०१४ साली आलं तेव्हा ते रंग, आकार, ठिकाण विचारून नाव सुचवायचं. पुढे फोटोवरून ओळखू लागलं आणि २०२१ पासून आवाजावरून. बाकीचं मी उघडतसुद्धा नाही. आवाजाचं बटण दाबते आणि फोन पडवीच्या कठड्यावर ठेवते. आपल्या भागातल्या पाखरांचा संच एकदा उतरवून घ्यावा लागतो. तो जड असतो, म्हणून वाय-फाय असेल तिथे बसून घ्यावा. त्यानंतर नेट नसलं तरी चालतं, आणि आमच्या वाडीत हीच मोठी गोष्ट आहे.

हे ओळखतं कसं, ते मला मुलांना शिकवावं तसं समजून घ्यायचं होतं. फोन आवाज ऐकतो आणि त्याचं चित्र काढतो. डावीकडून उजवीकडे वेळ जाते, खालून वर आवाजाची पट्टी चढते. तांबटाची टुकटुक म्हणजे एका रेषेत सारख्या अंतरावर पडलेले ठिपके. शिळकरी कस्तुराची शीळ म्हणजे वरखाली वळणं घेत जाणारी बारीक रेघ. मग फोन ती आकृती ओळखतो, एखादा चेहरा ओळखावा तशी. त्यासाठी जगभरच्या पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या ध्वनिफिती त्याला आधी दाखवलेल्या असतात. कोणत्या क्षणी कोणतं पाखरू बोललं, हे जाणकार माणसांनी त्या चित्रांवर बसून चौकटी आखून सांगितलेलं असतं. तेव्हा यंत्राचं शहाणपण मुळात शेकडो माणसांच्या कानांचं आहे. ते कळलं तेव्हा मला या अ‍ॅपबद्दल माया वाटू लागली.

आपल्याकडे आवाजाचे शब्द करायची रीत. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो हे मला माझ्या आजीने सांगितलं, आणि अजूनही तो ओरडला की मला तरव्याची आठवण होते. यंत्र आवाजाची चित्रं करतं. माझ्या कानांना आता दोन्हीची सवय झाली आहे.

जूनमधली एक सकाळ सांगते. पाऊस उघडला होता, पागोळ्या अजून ठिबकत होत्या. खळ्यापलीकडच्या उंबरावर कुटुरग्याने सूर धरला, त्याच्यात दुसरा मिसळला आणि तिसराही. कुटुरगा एकदा सुरू झाला की बाकीच्या सगळ्यांना झाकून टाकतो. पूर्वी मी त्या गलक्यात डोळ्यांनी शोधत असे, कान फक्त दिशा सांगायचे. फोनवर एकेक नाव खाली उतरू लागलं. अक्षरं मी मोठी करून घेतली आहेत. तरी नातू शेजारी बसून वाचतो आणि आम्ही वहीत मराठी नावं लिहितो. कुटुरगा, बुलबुल, शिंपी, सुभग. एकदा आलेलं पाखरू पुन्हा बोललं की त्याच्या नावाची ओळ पिवळी होते. त्या पिवळ्या रंगानेच मला शिकवलं. ओळ पिवळी झाली त्या क्षणी कानात काय होतं, हे मी धरून ठेवायला लागले. सुभग माझ्या उंबरावर इतकी वर्षं बोलत असणार, पण कुटुरग्याच्या खाली मला तो कधी वेगळा ऐकू आला नव्हता. आता येतो.

याच घराण्यातलं दुसरं अ‍ॅप म्हणजे ‘बर्डनेट’. कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केम्निट्झच्या तंत्रविद्यापीठाने मिळून केलेलं. त्याबद्दलचं एक संशोधन २०२२ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलं. माझ्यासारख्या साध्या लोकांनी फोनवर टिपलेल्या आवाजांतून शास्त्राला काही विश्वासाचं मिळतं का, हा प्रश्न होता. जे आधीच्या रीतसर अभ्यासांतून ठाऊक आहे, तेच या नोंदींतून निघतं का हे त्यांनी ताडून पाहिलं. पक्ष्यांचं स्थलांतर आणि एकाच जातीच्या गाण्यातले प्रदेशाप्रदेशाचे फरक, दोन्ही त्यातून दिसले. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो आपण. पाखरांचंही तसंच असतं, आणि ते पकडायला कुणाच्या तरी खिशातला फोन पुरतो. हे वाचलं तेव्हापासून मी माझ्या नोंदी ‘ई-बर्ड’वर नेमाने चढवते. तीही कॉर्नेलचीच, २००२ पासूनची नोंदवही. मर्लिन जागा आणि तारीख बघून नाव सुचवतं, ते या नोंदींच्या आधारावर. कोकणातून जितक्या जास्त नोंदी जातील, तितकं कोकणातलं ओळखणं पक्कं होईल.

आता जिथे जपायला हवं ते. अ‍ॅपने नाव दिलं म्हणजे पाखरू तिथे होतं असं समजू नये. ही चूक माझ्या हातून झाली आहे. ऑक्टोबरात एका सकाळी शिक्र्याचं नाव आलं आणि मी वहीत लिहून मोकळी झाले. नातू दुर्बीण घेऊन फणसाखाली गेला आणि ओरडला, ‘‘आजी, शेपटीला दोन पिसं लोंबतायत बघ!’’ भृंगराज होता तो. शिक्र्याची, सर्पगरुडाची, कोणाकोणाची नक्कल तो करतो, हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं आणि तरी मी पाहायला कोणाला पाठवलं नाही. नोंद खोडली. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी मी कानाने नाव सांगायचं, मग फोनकडे बघायचं, मग नातवाने पाखरू शोधायचं. तिन्ही जुळलं तरच नोंद. रातकिडे चढलेले असले किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असला तर फोन काढूच नये; अशा वेळी माणसालाही ऐकू येत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पाखराचे आवाज ऐकायला दिलेले आहेत. ते घरात, दार लावून ऐका. गेल्या पावसाळ्यात शेजारी आलेल्या पाहुण्यांनी फोटोसाठी नवरंगाची शीळ मोठ्याने लावली, पुन्हा पुन्हा. घरटं करायच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्या जिवाला वाटतं. तो करवंदीच्या जाळीतून बाहेर येऊन भिरभिरत राहिला, अर्धा तास. खाणं नाही, बसणं नाही. मला तो दिसत नव्हता, पण त्याची शीळ कशी तुटक होत गेली ते मी ऐकत होते. शेवटी मी जाऊन बंद करायला लावलं. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं.

नवीन शिकणाऱ्याने घ्यावं का? जरूर घ्यावं. शाळांतल्या शिक्षकांनी तर घ्यावंच. दहा मिनिटं मुलांना गप्प बसवून ऐकायला लावणारं दुसरं काही मला माहीत नाही. ज्यांची नजर माझ्यासारखी अधू झाली आहे आणि ज्यांनी दुर्बीण कपाटात टाकली आहे, त्यांनी आजच कुणाकडून तरी फोनमध्ये घालून घ्यावं. पहिले आठ दिवस गोंधळ होईल. सोडू नका.

यंदा नवरंगाची पहिली शीळ २८ मे रोजी ऐकली, पहाटे पावणेसहाला, रतांब्याच्या खालून. दोन सुरांची, दुसरा खाली उतरणारा. फोन माजघरात चार्जिंगला होता. मी चाचपडत वही काढली आणि तारीख लिहिली.