नौपाड्यातला इंग्रजीचा क्लास: बारा शनिवार

मी मराठी माध्यमातली. ऐरोलीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि आठवड्यातून तीनदा परदेशातल्या टीमबरोबर कॉल असतो. गेल्या वर्षी अशाच एका कॉलवर तिकडचा एकजण माझ्या आकड्यांवर काहीतरी बोलला. दुसऱ्याने मला सांगितलं, ‘ही इज पुलिंग युअर लेग.’ आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. दिवसभर ते मनाला लागून राहिलं. संध्याकाळी मुलगी म्हणाली, ‘अगं आई, थट्टा करत होता तो तुझी.’ त्याच आठवड्यात मी क्लास शोधायला लागले.

ठाण्यातल्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या एका गल्लीत, राहत्या घराच्या हॉलमध्ये हा क्लास चालतो. शनिवारी साडेपाच ते साडेसात, बारा शनिवार, फी साडेचार हजार. आम्ही अकराजण होतो, सगळे तिशीच्या पुढचे. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या.

अनियमित क्रियापदांचा तक्ता शाळेत आमच्याकडून घोकून घेतला होता आणि दहावीनंतर तो पार पुसला गेला. म्हणून पहिल्या दिवशी मी नवी वही घेऊन तक्त्याचीच वाट बघत होते. बाईंनी फळ्यावर मराठी क्रियापदं लिहिली: करणे, जाणे, येणे, मरणे, घेणे. ‘भूतकाळ सांगा.’ केला, गेला, आला, मेला, घेतला. ‘मग करला, जाला, मरला का नाही म्हणत तुम्ही?’ कोणालाच सांगता येईना. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं, तसंच इंग्रजाचं मूल ‘गोड’ म्हणतं, गो-ला ड लावून. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून, म्हणजे दोन्हींची घराणी वेगळी. इंग्रजीतही तेच झालंय. ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो ‘गो’कडे नांदायला आला. मला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकी वर्षं वाटत होतं, इंग्रजीने मुद्दाम आपल्याला छळायला ही रूपं ठेवलीत.

मग गट. कट, पुट, हिट, शट: तिन्ही रूपं एकच, विषय संपला. सिंग–सँग–संग, त्याच चालीवर रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन. बाय, ब्रिंग, थिंक, टीच, कॅच, फाइट, सीक या सात जणांच्या भूतकाळाच्या स्पेलिंगची शेपटी सारखी. ठाणे स्टेशनवर ट्रान्सहार्बरच्या फलाटावरून पश्चिमेला बाहेर पडेपर्यंत माझे दोन गट म्हणून व्हायचे. जी क्रियापदं रोज तोंडात असतात तीच वेडीवाकडी राहिली, हेही बाईंनी दाखवलं: बी, हॅव, डू, से, गो, मेक, टेक. ‘हेल्प’चा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता, पुढे तो सरळ ‘हेल्प्ड’ झाला.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा ठरला तिसरा शनिवार. मी वर्षानुवर्षं मेलमध्ये ‘वी डिड नॉट रिसीव्ड’ लिहीत आले होते. बाई म्हणाल्या, ‘डिडमध्ये भूतकाळ खर्च झाला. आता पुढचं क्रियापद मूळ रूपात.’ अकाउंट्सवालीला एकच रक्कम दोनदा नावे टाकायची नाही हे लगेच कळतं. ती चूक त्या दिवसापासून सुटली.

वाक्प्रचारांचा भाग मात्र कच्चा आहे. शेवटच्या चार शनिवारांसाठी तीनशे वाक्प्रचारांची, एबीसीडीच्या क्रमाने लावलेली झेरॉक्स मिळते आणि पाठ करून परीक्षा द्यायची असते. त्यात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आहे, जे मी कॉलवर एकदाही ऐकलेलं नाही. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा, तो त्यात नाही, आणि तो मला दर महिनाअखेरीला विचारतात. क्रिकेटमधले ‘ऑन द बॅक फूट’, ‘स्टिकी विकेट’ आम्हाला न शिकवता समजले, पण बॉलपार्क बेसबॉलचं मैदान, ते कुठून समजणार? ‘टेबल’चंही तसंच. मुद्दा ‘टेबल’ करू या असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा. हे मीच क्लासमध्ये सांगितलं. बाईंनी मला फळ्यावर लिहायला लावलं आणि पुढचा अख्खा तास प्रत्येकाने आपापल्या ऑफिसात ऐकलेल्या वाक्प्रचारांवर घेतला. तोच तास चारांतला सर्वात चांगला झाला. बाईंनी ती झेरॉक्स बंदच करावी, असं मी त्यांना निरोपाच्या दिवशी सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं.

क्रियापदांच्या आठ शनिवारांसाठी मी हा क्लास कोणालाही सुचवीन. माझ्या वहिनीने जूनच्या बॅचला नाव दिलंय. जिना उभा आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर आधी जाऊन बघा.