पहिल्याच पर्यायात मुलीची सीट अडकली

गेल्या वर्षी माझ्या मुलीला इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत ८८ पर्सेंटाइल मिळाले. आमच्या घरातून याआधी कुणी इंजिनिअरिंगला गेलेलं नाही. कॅप राऊंड म्हणजे सरकारी प्रवेशफेरी, ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, फ्रीझ म्हणजे मिळालेली सीट पक्की होणं, सगळंच नवं. ओळखीतून पुण्यातल्या एका काउन्सेलरचा नंबर मिळाला. "काका, निर्धास्त राहा, फॉर्म आम्ही भरतो," म्हणाला. १५ हजार रोख घेतले, पावती दिली नाही. लॉगिन, पासवर्ड त्याच्याकडेच. फॉर्म कन्फर्म करायच्या रात्री ओटीपी आला, तोही मीच फोनवरून सांगितला. चूक माझी, ती लपवत नाही.

मुलीने वहीत नऊ कॉलेजं क्रमाने लिहून दिली होती. तो म्हणाला, "मोठी कॉलेजं वर टाकली की राऊंड वाया जातो." हे साफ खोटं आहे. सीट मेरिटने लागते. वरचं कॉलेज नाही मिळालं तर खालच्या पर्यायाचा विचार होतो, आणि तिथला तुमचा हक्क जराही कमी होत नाही. म्हणून मनातलं कॉलेज आवाक्याबाहेरचं वाटलं तरी वरच लिहायचं. हे मला प्रवेश झाल्यावर कळलं.

पहिल्या फेरीत तिला शहराबाहेरचं एक कॉलेज लागलं. ते वहीत नव्हतंच! त्याने फॉर्मवर ते पहिलंच टाकलं होतं. आणि पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांची वाट बंद. रिपोर्टिंगला, म्हणजे प्रवेश पक्का करायला गेलो तर त्याच काउन्सेलरकडून आलेले आणखी तीन पालक भेटले. चौघांच्याही फॉर्मवर पहिला पर्याय तोच. पुढच्या फेरीत वहीतलं चौथं कॉलेज, तीच शाखा, आमच्याच प्रवर्गातल्या ८६ पर्सेंटाइलच्या मुलाला लागली. त्या रात्री ती जेवली नाही. मी काउन्सेलरला फोन केला तर, "सीट मिळाली ना, काका?" एवढंच. नंतर नंबर ब्लॉक.

मागच्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे कुठे किती पर्सेंटाइलला शेवटची सीट लागली ते आकडे, ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट असतात, कॉलेज, शाखा, प्रवर्गासकट. मुलीने वही त्यावरूनच केली होती. मी तिच्यापेक्षा परक्या माणसावर विश्वास ठेवला, हे मला जास्त लागतं.

यंदा गल्लीतल्या दोन मुलांचे फॉर्म तिने शेजारी बसून भरून घेतले. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून एकेक पर्याय वहीशी ताडून पाहिला. पासवर्ड मात्र त्यांना स्वतःलाच टाकायला लावला.