वयस्कर रुग्णाचे पित्ताशय काढण्याची सेवा: शस्त्रक्रिया उत्तम, रात्रीचा वॉर्ड ढिसाळ

माझ्या 78 वर्षांच्या सासऱ्यांचे पित्ताशय या रुग्णालयात दुर्बिणीतून काढण्यात आले. त्यांना मधुमेह आहे आणि हृदयविकारामुळे रक्त पातळ करणारी गोळी कायम चालू असते. अशा रुग्णाच्या बाबतीत सर्जनच्या कौशल्याइतकेच महत्त्व आधीच्या तयारीला आणि नंतरच्या शुश्रूषेला असते. यातील तयारी येथे वाखाणण्याजोगी आहे.

म्हातारपणी पित्ताशयाला सूज आली तरी ताप किंवा तीव्र वेदना असतीलच असे नाही. सासऱ्यांचीही तक्रार अन्न जात नाही आणि बोलण्यात गोंधळ होतो, एवढीच होती. तरीही डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली हात दाबून त्यांना खोल श्वास घ्यायला सांगितले आणि तो मध्येच अडकताच सोनोग्राफीला पाठवले. वाढत्या वयात पित्तनलिकेतही खडे सापडण्याची शक्यता अधिक असल्यामुळे एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करून नलिका मोकळी असल्याची खात्री करण्यात आली, आणि गोळी केव्हा थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हृदयावर व फुप्फुसांवर ताण येतो म्हणून दाब शक्य तितका कमी ठेवू, आणि आतली रचना स्पष्ट दिसली नाही तर हट्ट न धरता पोट उघडू, हेही संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगितले गेले. शेजारच्या खाटेवरील आजींना खडे असूनही त्यांचा काही त्रास नव्हता, म्हणून त्यांना शस्त्रक्रियेविना घरी पाठवले. हा संयम मला विशेष भावला.

रात्रीच्या वॉर्डबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना भ्रम होऊ शकतो, हे तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक असायला हवे. सासऱ्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र कपाटात बंद होते आणि ते सलाईनची नळी ओढू लागताच हात बांधण्याची भाषा सुरू झाली. दोन्ही वस्तू मागून घेऊन त्यांना लावल्या, दिवा लावला, तेव्हा ते बरेच शांत झाले. त्यामुळे रात्री घरचे माणूस जवळ ठेवता येत असेल तरच येथे जावे.

डिस्चार्ज कार्डही घाईत लिहिलेले होते. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखू शकतो आणि काही दिवस शौचास पातळ होऊ शकते, याचा त्यात उल्लेख नव्हता. इतकेच काय, रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, तेही आम्हाला फोन करून विचारावे लागले.